लॉन नव्याने पेरण्याआधी तणनाशक मारायचे आहे, पंप कोणता घ्यावा?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकजवळ बंगल्यासमोर पाच गुंठे लॉन आहे. त्यात आता लॉनचे गवत कमी आणि लव्हाळा, केना, गाजर गवत जास्त झाले आहे. सगळे एकदाचे मारून दिवाळीच्या सुमाराला बर्म्युडा गवताचे बी टाकायचे आहे. दुकानदार पेट्रोलचा पॉवर स्प्रेअर घ्या म्हणतो, माळी म्हणतो हाताचा पंप पुरे, आणि घरात कुंड्यांवर मारायची दोन लिटरची बाटली आहेच. यातले काय घ्यावे?

लॉन तयार करणे आणि सांभाळणे हाच माझा व्यवसाय आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे दर पावसाळ्यानंतर येतो. पाच गुंठ्यांसाठी सोळा लिटरचा, पाठीवरचा, वेग कमी-जास्त करता येणारा बॅटरी पंप हे माझे उत्तर आहे. हाताच्या दांड्याचा चांगला पंप असेल तर तोही चालेल. पेट्रोलचा अजिबात नको. पण एवढे वाचून दुकानात गेलात तर पैसे खर्च होतील आणि लव्हाळा तसाच राहील. तण मरते की नाही हे पंपाच्या मोटरवर फारच कमी अवलंबून असते. नळीच्या टोकाला कोणते नोझल आहे, दाब किती आहे, माणूस कोणत्या चालीने चालतो आणि त्या दिवशी तण कोणत्या अवस्थेत आहे, या चार गोष्टींवर ते ठरते. म्हणून पंपाबरोबर या चारही गोष्टींबद्दल सांगतो.

त्याआधी एक गोष्ट, कारण पंप विकत घ्यायचा की नाही हेच तिच्यावर ठरेल. "सगळे मारायचे" असे कुणी म्हटले की डोक्यात ग्लायफोसेट हे तणनाशक असते. हे औषध आपल्याकडे चहाचे मळे आणि बिगरपिकाची जागा यांसाठी मंजूर आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरता येईल असे बंधन घातले. दुकानात बाटली सहज मिळते म्हणून घरच्या माळ्याच्या हातात ती देणे नियमात बसत नाही. बाटली घेण्याआधी तालुका कृषी कार्यालयात एकदा विचारून घ्या आणि फवारणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. मग तुम्ही म्हणाल, पंपाची चौकशी कशाला? चौकशी जास्तच करायला हवी. पेस्ट कंट्रोलच्या माणसांचे रोजचे काम झुरळे आणि वाळवी. वाळवीच्या कामात भोकात औषध ओततात, झुरळांच्या कामात सांदीकोपऱ्यात फवारतात. मोकळ्या जमिनीवर सारख्या जाडीचा थर पसरवणे हे वेगळे काम आहे. तो माणूस काय घेऊन येतो आणि कसा मारतो याकडे लक्ष देण्याइतके ज्ञान मालकाला हवेच.

आता पंपांकडे वळू. दोन लिटरची बाटली चांगली वस्तू आहे. फरसबंदीच्या फटीत उगवलेले चार कोंब, कुंपणाच्या कडेची एखादी झुडपी, यासाठी ती ठेवा. पाच गुंठ्यांसाठी मात्र ती किमान पाच-सात वेळा भरावी लागेल. प्रत्येक भरणीला औषध मोजायचे, हात लावायचे, सांडायचे. शिवाय तिचा दाब भरल्यावर जास्त आणि संपत आल्यावर कमी असतो, त्यामुळे जमिनीवर कुठे जास्त पडते तर कुठे कमी.

हाताच्या दांड्याचा सोळा लिटरचा पंप महाराष्ट्रात गावोगावी आहे आणि त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. तो मारणारा माणूस सवयीचा असेल, दांड्याची लय आणि पावलांची लय जुळत असेल, तर त्याचे काम बॅटरीच्या पंपाइतकेच सारखे होते. नवख्याचे मात्र तसे होत नाही. तो दमला की दांडा मंदावतो, दाब पडतो आणि फवारा दोन्ही बाजूंनी आत ओढला जातो. म्हणून घरच्या माणसासाठी मी बॅटरीचा पंप सुचवतो.

बॅटरीच्या पंपात मात्र एक गोष्ट पाहूनच घ्या. त्यावर दाब कमी-जास्त करायचे बटण, म्हणजे रेग्युलेटर, हवाच. स्वस्त पंपांत नुसते चालू-बंद असते आणि मोटर कायम पूर्ण जोरात चालते. कीटकनाशकाला तो जोर उपयोगी पडतो, तणनाशकाला घातक ठरतो. तणनाशकासाठी एक ते दोन बार (बार हे दाब मोजायचे एकक) दाब पुष्कळ झाला. जोर वाढला की थेंब बारीक होतात, थेंब बारीक झाले की ते वाऱ्यावर चढतात. बॅटरी बारा व्होल्ट आठ अँपिअर-अवर असली तरी पाच गुंठ्यांना पुरून उरते, मोठ्या बॅटरीसाठी जादा पैसे देऊ नका. टाकीच्या तोंडाची गाळणी काढून पाहा, ती बारीक आणि खोल असावी. गनचा ट्रिगर सोडला की टपकणे ताबडतोब थांबले पाहिजे. दुकानातच साधे पाणी भरून हे करून दाखवायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही. पट्टे रुंद आहेत का तेही बघा. सोळा लिटर पाणी म्हणजे सोळा किलो, वर पंपाचे वजन. तुमच्या जागेला टाकी पूर्ण भरायची गरजच पडणार नाही, दहा लिटरपर्यंतच भरा.

टाकी प्लास्टिकची असावी. कुणाकडे जुना गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा पंप किंवा पिंप पडलेले असेल, तर ग्लायफोसेटचे मिश्रण त्यात करू नका. हे औषध जस्ताचा मुलामा असलेल्या किंवा साध्या लोखंडी भांड्यात हायड्रोजन वायू तयार करते आणि तो पेट घेऊ शकतो. लेबलवर बारीक अक्षरात हे लिहिलेले असते, वाचत कुणी नाही.

पेट्रोलचा पॉवर स्प्रेअर आणि बागायतदारांचा एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा, पंप ही द्राक्षबागेची, आंब्याच्या झाडाची यंत्रे. तिथे उंच जायचे असते, पानाच्या खालच्या बाजूला पोचायचे असते, म्हणून पंधरा-वीस बार आणि त्याहून जास्त दाब लागतो. त्याच दाबाने तणनाशक मारले की धुके होते. धुके तुमच्या लॉनवर बसत नाही, ते शेजारच्या जास्वंदीवर, पलीकडच्या वांग्या-टोमॅटोवर बसते. पाठीवरचा ब्लोअर तर त्याहून वाईट. नाशिकला हे मी जास्त कळकळीने सांगतो, कारण तिथे बंगल्याची भिंत संपली की द्राक्षबाग सुरू होते अशी कितीतरी ठिकाणे आहेत. टू-फोर-डी सारखे तणनाशक तर द्राक्षाला अगदी थोडे लागले तरी पाने पंख्यासारखी मुडपतात आणि त्या हंगामाचे नुकसान होते. शेजाऱ्याच्या बागेतले नुकसान भरून देणे पंपाच्या किमतीत बसणारे नाही, आणि शेजारसंबंध तर पैशात मोजताच येत नाहीत.

आता नोझल. माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथे करावा, आणि लोक सगळ्यात कमी इथेच करतात. पंपाबरोबर खोक्यात जे नोझल येते ते बहुतेक वेळा हॉलो कोन असते. त्याचा फवारा गोल पडतो, कडेला औषध जास्त आणि मधे कमी. किडीसाठी ते बरोबर आहे, कारण तिथे बारीक थेंब पानांच्या गर्दीत घुसवायचे असतात. जमिनीवर सपाट पट्टा मारायला ते चुकीचे आहे. त्याने मारलेल्या लॉनवर दोन आठवड्यांनी मेलेल्या आणि जिवंत गवताची वर्तुळे दिसतात.

तणनाशकाला दोनच प्रकार घ्या, फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट. फ्लॅट फॅनचा फवारा पंख्यासारखा सपाट पडतो आणि कडांना हलका असतो, म्हणून एका पट्ट्यावर दुसरा पट्टा थोडा चढवत जावे लागते. फ्लड जेटमध्ये पाणी एका उतरत्या पट्टीवर आपटून रुंद पसरते. थेंब जाड, पट्टा रुंद, दाब कमी. एकच नोझल हातात धरून चालणाऱ्या माणसाला मोकळ्या जागेत फ्लड जेट सोपे जाते. कडेला, फुलझाडांजवळ, वाटेलगत फ्लॅट फॅन बरे. दोन्ही मिळून पंपाच्या किमतीपुढे किरकोळ खर्च होतो, दोन्ही घ्या.

फ्लॅट फॅन घेताना रंग पाहिला तर चूक होत नाही. चांगल्या कंपन्या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे रंग ठेवतात. पिवळे म्हणजे तीन बार दाबाला मिनिटाला साधारण 0.8 लिटर, निळे म्हणजे 1.2 लिटर. दाब निम्मा केला की पाणी निम्मे होत नाही, सुमारे सत्तर टक्के राहते. म्हणजे निळे नोझल दीड बारला मिनिटाला साधारण 0.85 लिटर देते आणि थेंबही जाड पडतात. लॉनच्या कामाला मला निळे आवडते. पिवळे लवकर तुंबते, विशेषतः पाण्यात गाळ असेल तर. तुंबले तर तोंडाने फुंकू नका आणि तारेने खरवडू नका. जुन्या टूथब्रशने पाण्याखाली साफ करा. खरवडलेल्या नोझलचा पट्टा पुन्हा कधी सरळ पडत नाही.

फुलझाडांच्या रांगेलगत मारायचे असेल तर नोझलभोवती बसवायचा प्लास्टिकचा हूड मिळतो, तो जरूर घ्या. ऊसवाले आणि कापूसवाले ओळींमध्ये तो वापरतात. तो लावला तरी वारा असताना मारायला मोकळीक मिळाली असे समजू नका. एवढेच की नळी चुकून वर उचलली गेली तर गुलाब वाचतो.

आता मात्रेचा हिशेब. "पंपाला शंभर मिली" हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात ऐकू येते. ते अर्धवट आहे. औषधाची मात्रा जमिनीच्या क्षेत्रावर असते, पाण्यावर नसते. समजा लेबलवर हेक्टरी 3 लिटर औषध दिले आहे. हेक्टरचे साधारण शंभर गुंठे धरले तर गुंठ्याला 30 मिली. तुमच्या पाच गुंठ्यांना 150 मिली, बस. आता ते किती पाण्यात घालायचे हे तुमच्या नोझलवर आणि चालीवर ठरेल. एखादा माणूस गुंठ्याला पाच लिटर पाणी मारतो, त्याला लिटरमागे 6 मिली पडले, म्हणजे सोळा लिटरच्या पंपाला 96 मिली. त्याच्यासाठी "पंपाला शंभर" बरोबर निघाले. दुसरा भरभर चालतो आणि गुंठ्याला तीनच लिटर मारतो, त्याला लिटरमागे 10 मिली, म्हणजे पंपाला 160 मिली हवे. त्याने शंभरच टाकले तर लव्हाळा पिवळा पडून परत हिरवा होणार. तिसरा एकाच जागी घोळत गुंठ्याला दहा लिटर ओततो, त्याच्या हातून तेच शंभर मिली दुप्पट मात्रा होऊन जाते. मात्रेचा आकडा नेहमी बाटलीच्या लेबलवरूनच घ्या, वरचा तीन लिटरचा आकडा मी हिशेब दाखवायला घेतला आहे.

आपले पाणी किती पडते हे काढायला तेहतीस फूट बाय तेहतीस फूट जागा सुतळीने आखा. तो बरोबर एक गुंठा. पंपात मोजून साधे पाणी भरा, प्रत्यक्ष ज्या नोझलने, ज्या दाबाने आणि ज्या चालीने मारणार त्याच पद्धतीने ती जागा मारा. उरलेले पाणी मोजा. गेले ते तुमचे गुंठ्याचे पाणी. दोनदा करा, दोन्ही वेळचे आकडे जवळपास सारखे आले की चाल बसली. निळे नोझल, दीड बार, एक मीटरचा पट्टा आणि मिनिटाला चाळीस मीटर चाल धरली तर गुंठ्याला दोन लिटरच्या थोडे वर पाणी जाते. लेबलवर त्याहून जास्त पाणी सांगितले असेल तर मोठे नोझल लावा किंवा चाल कमी करा. दाब वाढवून पाणी वाढवू नका. परवानाधारक माणूस आला तर त्यालाही हे करायला सांगा. ज्याला काम येते तो खुशीने करतो, आणि जो "आम्हाला अंदाज आहे" म्हणतो त्याच्या हातात ट्रिगर देण्याआधी विचार करा.

फवारा सारखा पडतो का हे पाहायला कोरडा कोबा किंवा फरशी बरी. त्यावर साधे पाणी मारा आणि वाळताना पाहा. मधला पट्टा आधी वाळला तर तिथे पाणी कमी पडते आहे, नोझलची उंची बदला. साधारण गुडघ्याच्या उंचीवर नोझल धरून ते तिथेच ठेवायचे. हात डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखा हलवायची सवय बहुतेकांना असते, ती मोडायला हवी. हात स्थिर, पाय चालते.

पाण्याबद्दलही सांगतो, कारण तुमच्याकडे बोअरचे पाणी असणार. ग्लायफोसेट जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटते आणि कमजोर पडते. मातीलाही ते असेच घट्ट चिकटते. पुढे बी टाकताना हाच गुण आपल्या कामाला येतो, कारण मातीत पडलेले औषध नव्या बियाण्याला त्रास देत नाही. पण म्हणूनच गढूळ पाणी पंपात नको. टाकीत साठवलेले पावसाचे पाणी किंवा नळाचे पाणी वापरा. बोअरशिवाय इलाज नसेल तर आधी लिटरला वीस ग्रॅम अमोनियम सल्फेट पाण्यात पूर्ण विरघळवून, गाळून घ्या आणि मग औषध घाला. मीठ, डिझेल, धुण्याची पावडर यांतले काही घालू नका. मिठाने तर जमीनच बिघडते, आणि तुम्हाला तिथेच परत पेरायचे आहे.

एवढे झाले तरी लव्हाळ्याची गोष्ट राहतेच, आणि तुमच्या लॉनचा खरा मालक सध्या तोच आहे. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरच्या हिरव्या पानांतून औषध खाली उतरते आणि जवळच्या गाठीपर्यंत पोचते. माळेतल्या झोपलेल्या गाठींपर्यंत ते फारसे जात नाही. वरची गाठ मेली की त्या जाग्या होतात आणि महिन्याभरात नवे कोंब येतात. लोक इथे औषधाला शिव्या देतात. खरे तर ते कोंब येणे अपेक्षितच आहे, आणि दुसरी फवारणी त्यांच्यासाठीच राखून ठेवायची असते.

यावरून दोन गोष्टी पाळायच्या. पहिली, फवारणीआधी जमीन खणू नका, रोटाव्हेटर तर मुळीच नको. माळ तुटली की प्रत्येक तुकडा स्वतंत्र रोप होतो आणि औषध पोचायची वाटही तुटते. दुसरी, फवारणीआधी लॉन कापू नका. पान जितके मोठे तितके औषध आत जाते. आठवडा-दोन आठवडे कापणी थांबवा, पाऊस नसेल तर पाणी द्या, लव्हाळा पाच-सात पानांवर आला, तजेलदार झाला की मारा. तहानलेल्या, धुळीने माखलेल्या तणावर मारलेले औषध फुकट जाते. मात्रा दुप्पट केल्याने काम दुप्पट होत नाही. पान आधीच करपले तर औषध गाठीपर्यंत उतरायचे राहून जाते.

केन्याची वेगळीच गोष्ट. ग्लायफोसेटला तो फारशी दाद देत नाही. तो असेल तिथे हाताने उपटा आणि बाहेर नेऊन वाळवा, कारण तुकडा ओल्या जागी पडला की पुन्हा मूळ धरतो. गाजर गवत फुलायच्या आत हातमोजे घालून उपटलेले केव्हाही बरे. ते फुलल्यावर मारले तरी त्याचे बी जमिनीत पडलेलेच असते.

आता दिवाळीचे वेळापत्रक. इथे मी तुम्हाला स्पष्ट नाही म्हणेन. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की तण मारायला उत्तम काळ असतो, हे खरे. पण बर्म्युडाच्या बियाला उबदार जमीन लागते. नाशिकची थंडी दिवाळीनंतर लगेच सुरू होते. त्या वेळी टाकलेले बी कुजते, मुंग्या नेतात, नाहीतर विरळ उगवून वाढायचे थांबते, आणि मोकळ्या जागेत थंडीतली तणे शिरतात. तुमच्या जागी मी असे करेन. पाऊस उघडल्यावर पहिली फवारणी. तीन-चार आठवड्यांनी लव्हाळ्याचे नवे कोंब चार-पाच पानांवर आले की फक्त त्या कोंबांवर दुसरी फवारणी. मेलेले गवत खरडून बाहेर. मग थंडीत जमीन नीट सपाट करायची, खत-माती घालायची. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात बी न टाकता पाणी द्यायला सुरुवात करायची. जमिनीत लपलेले तणाचे बी आणि उरलेला लव्हाळा या पाण्याने वर येईल. तो आला की तिसऱ्यांदा, जागा पाहून, मारायचा. आठ-दहा दिवस थांबून, जमीन फार न हलवता, दाताळ्याने वरचा अर्धा इंच मोकळा करून मार्चमध्ये बी टाकायचे. गुंठ्याला अर्धा ते एक किलो बी पुरते. टरफल काढलेले बी घेतले तर पाणी नियमित असताना एक-दोन आठवड्यांत हिरवे दिसू लागते.

काहींना एवढा काळ मातीचे अंगण सहन होत नाही. त्यांना मी सांगतो की घाई केली तर नव्या उगवलेल्या गवतातून लव्हाळा वर येईल आणि तेव्हा सगळे मारायचे औषध हातात घेता येणार नाही.

फवारणीच्या दिवशी सकाळी दव वाळेपर्यंत थांबा. ओल्या पानावरून औषध ओघळून जाते. झाडाची पाने हलकी हलताना दिसतील इतका वारा चालतो, फांद्या हलू लागल्या की पंप खाली ठेवा. पहाटेची अगदी निपचित हवाही चांगली नसते, कारण तेव्हा बारीक थेंब जमिनीलगत तरंगत राहतात आणि नंतर भलतीकडे सरकतात. पुढचे किमान सहा तास पाऊस नको. मागे मागे चालत मारा, म्हणजे आपण औषधावर पाय देत नाही. मुले, कुत्रा-मांजर औषध पूर्ण वाळेपर्यंत आत. विहिरीच्या किंवा कमळाच्या हौदाच्या कडेचे दोन-तीन मीटर हातानेच साफ करा.

मारणाऱ्याच्या अंगावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, गमबूट, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा हवा, मग तो तुमचा माणूस असो की बाहेरचा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती औषधे कीटकनाशके होती, वेगळी होती, पण उघड्या अंगाने आणि पाठीवर गळणाऱ्या पंपाने फवारायची सवय तीच आहे. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये मानवाला कर्करोग होण्याचा संभव असलेल्या गटात टाकले. इतर नियामक संस्थांचे मत वेगळे आहे. तो वाद कुठेही जावो, अंगावर औषध न येऊ देणे आपल्या हातात आहे. कुणी पॅराक्वाट हे तणनाशक सुचवले तर थेट नकार द्या. त्याच्या विषबाधेवर उतारा नाही, आणि ते फक्त वरचे पान जाळते, गाठीला काही करत नाही.

औषध नकोच असे घरात कुणाचे मत असेल तर तेही रास्त आहे, फक्त त्याला उन्हाळा द्यावा लागेल. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या सहा इंचांत असतात. एप्रिलमध्ये पाणी पूर्ण तोडून जमीन खणा, उलटी करा, गाठी उन्हात वाळू द्या, पुन्हा उलटी करा, हातात येतील तितक्या वेचा. शेतकरी उन्हाळी नांगरट करतात त्यामागे हेच आहे. त्यात गाठी वाळतात, पण जमीन एकदा जरी ओली झाली तर मेहनत वाया जाते. इतर तणांच्या बियाण्यासाठी ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक पाच-सहा आठवडे कडा दाबून अंथरले तर चांगला परिणाम दिसतो. लव्हाळा मात्र प्लास्टिकला फारशी दाद देत नाही. पाच गुंठे हाताने करणे जड आहे, अशक्य नाही. मग बी पावसाचा पहिला जोर ओसरल्यावर टाका.

पंप तुम्ही स्वतःचा घेतलात तर त्यावर ऑइल पेंटने ठळक "तणनाशक" लिहा आणि त्यातून दुसरे काही कधी मारू नका. रात्री धुतलेल्या पंपातही नळीच्या आत, वॉशरमध्ये, गाळणीत औषध राहते. त्याच पंपातून महिन्याने गुलाबावर बुरशीनाशक मारले आणि गुलाब वेडावाकडा फुटला अशी तक्रार घेऊन माझ्याकडे लोक येतात, तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते. काम झाले की टाकी तीन वेळा स्वच्छ पाण्याने भरून प्रत्येक वेळी नळी आणि नोझलमधून ते पाणी बाहेर काढा. हे धुवण मारलेल्याच जागेवर पसरून मारायचे, गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतायचे नाही. बॅटरी अर्धवट उतरलेली ठेवून पंप चार महिने विसरला तर ती मरते, म्हणून मधूनमधून चार्ज करत राहा. मोकळी बाटली भोसकून निकामी करा, घरात दुसऱ्या कशासाठीही ठेवू नका.

तुमच्या लॉनचे दोन फोटो पाठवा, एक जवळून, लव्हाळ्याची पाने मोजता येतील असा, आणि एक दुरून, कुंपणापलीकडे काय लावले आहे ते दिसेल असा. पलीकडे द्राक्षबाग असेल तर त्या बाजूचे दहा-पंधरा फूट फवाऱ्याऐवजी खुरप्यानेच करायला मी सांगेन. तेवढ्या पट्ट्याला एक मजूर दिवसभर लागेल, पण ते काम तसेच करावे.